शिळोबाचा शेवट

बरखेडा, भोपाळ
९ ऑक्टोबर १९९४, रविवार

दादा,

साष्टांग नमस्कार वगैरे काही घालत नाही. राग गेलेला नाही. माझ्या लग्नाला आला नाहीस, बाबा गेले तेव्हाही आला नाहीस. दर दिवाळीला आईला चार ओळींचं कार्ड टाकून मोकळा होतोस आणि खाली 'मंदाला आशीर्वाद' असं लिहितोस. तो आशीर्वाद मी अजून एकदाही घेतलेला नाही. हे पत्र लिहायला बसले आहे ते फक्त शिळोबासाठी.

आज सकाळी टीव्हीवर 'वज्रकुहर' सुरू झालं. आपलं 'वज्रकुहर', दादा! हिंदीत केलंय, दर रविवारी असणार आहे. नावं पडताना 'मूळ मराठी कादंबरीवर आधारित' अशी ओळ आली आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मीना म्हणाली, "आई, अजून तर कोणी मेलंही नाही, रडतेस काय?" मीना म्हणजे माझी मुलगी, दहा वर्षांची. नाव तुला ठाऊक आहे, कार्डात लिहितोस. चेहरा ठाऊक नाही.

आता काय काय केलंय ते ऐक. केतुमान अगदी गोरागोमटा, सलूनमधून नुकताच उठून आलेला. पुस्तकात तो तबेल्यातली लीद काढणारा पोरगा आहे ना? याने जन्मात लीद पाहिलेली नसणार. काकमुखी चेटकीण एकदा हसली की तेच हसणं तीन बाजूंनी तीनदा दाखवतात आणि दर वेळी वीज कडाडते. शेजारच्यांचं बाळ दचकून उठलं. आणि शिळोबाला मुकुट घातलाय! नाव ठेवलंय 'शिलासिंह'. कपाळ माझं! अरे, तो गुहेच्या दारावरचा साधा पहारेकरी. राजाने सांगितलं, "मी म्हणेपर्यंत इथून उठायचं नाही," आणि राजा गेला मरून. 'ऊठ' म्हणणारा कोणी उरलाच नाही, म्हणून हा बसून बसून दगडाचा झाला. गुडघ्यांवर शेवाळ, कानात चिमणीचं घरटं. त्याला कुठला मुकुट? वर अंगाला कारखान्यात पाइपांना मारतात तसला रुपेरी रंग. हे म्हणाले, "आधी प्रायमर मारलेला दिसत नाही, टिकायचा नाही." हे म्हणजे तुझे मेव्हणे, प्रकाश. कारखान्यात टर्बाइनच्या शॉपमध्ये आहेत, त्यांना जगात रंग आणि गंज एवढंच दिसतं.

एवढी चिडले होते, की उठून टीव्ही बंद करणार होते. तेवढ्यात त्या शिलासिंहाने तोंड उघडलं. "कौन आया है?" दादा, तोच आवाज! तू रिकाम्या माठात तोंड घालून काढायचास तो. मला गोवर झाला होता, खोलीत अंधार करून निजवलं होतं, डोळ्यांना त्रास नको म्हणून पुस्तक हातात देत नव्हते. तू शाळेतून यायचास आणि मराठी मंडळाच्या लायब्ररीतलं ते खाकी पुठ्ठ्याचं 'वज्रकुहर' वाचून दाखवायचास. शिळोबा आला की माठ. आई ओरडायची, "मेल्या, पाणी कशातून प्यायचं आम्ही?" मी आज उभीच राहिले टीव्हीसमोर. मागच्यांना दिसेना म्हणून मीनाने मला खाली ओढलं.

आई गवार निवडत बसली होती. तिला या गोष्टीत कधीच गम्य नव्हतं. मध्येच मान वर करून म्हणाली, "त्या दगडाच्या माणसाला कोणी पाणी तरी देतं का गं?"

उत्तराची वाट बघणार नाही. एवढंच कळव, तुझ्याकडे टीव्ही आहे का?

मंदा


बरखेडा
२७ नोव्हेंबर १९९४

दादा,

वाट बघत नाही असं लिहिलं होतं, तर तू खरंच उत्तर पाठवलं नाहीस. इतकं शब्दाला जागायची काही गरज नव्हती.

इकडे माझी काय वट वाढली आहे म्हणून सांगू! सगळ्या लाइनीत कळलंय, की ही मराठी कादंबरी आहे आणि मंदाने ती वाचलेली आहे. दुधाच्या बूथवर बायका मला अडवतात. "मिसेस दांडेकर, वो घोड़ा मरेगा क्या?" "काकमुखी की जान किसमें है, बता दीजिए ना, हम किसी से नहीं कहेंगे." मी भाव खाते. म्हणते, रविवारी बघा. शाळेत शिकवायला लागल्यापासून मला एवढा मान कोणी दिला नव्हता.

शेजारच्या निर्मलाभाभी, रीव्याच्या, त्यांचा टीव्ही रंगीत आणि मोठा. दर रविवारी सगळे तिकडे. मुलं खाली सतरंजीवर, बायका पलंगावर, पुरुष दारात, 'आम्ही काही बघत नाही हं' असा चेहरा करून. गेल्या रविवारी ऐन वेळी लाइट गेली. काकमुखीने केतुमानाच्या घोड्याला नुकतं फुंकर मारून राखेचं केलेलं, आणि पडदा काळा! मुलांनी जो गिल्ला केला! भाभी म्हणाल्या, "दीदी, अब तो आप ही सुनाइए." मग काय, मी पदर खोचून उभी राहिले आणि पुढचं सगळं हिंदीत सांगितलं. माठ मागवला. खरंच मागवला! अगदी शेवटापर्यंत सांगितलं, तुला आठवतो ना शेवट? काकमुखी हरते, केतुमान जाताना शिळोबाच्या कानात म्हणतो, "अरे, सांगणारा केव्हाच गेला, ऊठ आता." मग शिळोबा उठतो. गुडघे कडाकडा वाजतात, शेवाळ गळतं, कानातली चिमणी रागावून निघून जाते. चालत चालत तो आपल्या घरी येतो आणि दाराशी घुटमळतो. आई विचारील, इतकी वर्षं कुठे होतास, काय मिळवलंस? काय सांगायचं तिला? आणि आई चुलीपाशी बसलेली, मागे वळूनही न बघता म्हणते, "हातपाय धू, पान वाढते." तो पाय धुतो तर अंगणभर करडं पाणी वाहतं, सगळा दगड धुऊन जातो. मग शिळोबा पोटभर जेवला. संपलं.

लाइट परत आली तरी कोणी टीव्हीकडे बघेना. भाभी डोळे पुसत होत्या. दारातले पुरुषसुद्धा आत सरकून उभे होते, आणि हे तर चक्क म्हणाले, "शेवट चांगला आहे हां." बारा वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्या कुठल्या गोष्टीला 'चांगलं' म्हटलेलं मला आठवत नाही.

खरं सांगू का? मालिका मला आवडत नाही आणि तिच्यावाचून करमतही नाही. त्यांनी दोन विनोदी राक्षस घुसडलेत, त्यांना बघून डोक्यात तिडीक जाते. एक गाणं घातलंय, ते तर विचारूच नकोस, आणि तेच गाणं मी परवा पोळ्या लाटताना गुणगुणत होते. पण राखेचा घोडा वाऱ्यावर पुन्हा उभा राहिला ना, तेव्हा अगदी माझ्या मनातला घोडा होता. गोवरातल्या अंधारात मला दिसला होता तसाच. मग वाटतं, यांनाही कोणीतरी असंच वाचून दाखवलं असेल. लगेच तो मुकुट दिसतो आणि पुन्हा चिडते.

आई म्हणते, "सुधाकडे टीव्ही नसेल गं, तो एकटा काय बघणार." म्हणजे मी तुला लिहिते हे तिला ठाऊक आहे. मी तिला सांगितलेलं नाही.

मंदा


बरखेडा
२९ जानेवारी १९९५

दादा,

मारला रे! मारला त्यांनी शिळोबाला!

आज शेवटचा भाग होता. आम्ही सगळे नटूनथटून बसलो होतो, भाभींनी गाजरहलवा केला होता, जेवायचा प्रसंग आला की आपणही खायचं म्हणून. आणि काय दाखवावं? काकमुखीची सेना आत घुसते, शिलासिंह दार पाठीवर तोलून धरतो, केतुमान म्हणतो 'चलो', हा म्हणतो 'मेरा धर्म यहीं है', आणि तडतड तडकून त्याचा चुरा होतो! वरून फुलं काय पडतात, शंख काय वाजतो. तो खरा उठायचा होता! त्याने घरी जायला हवं होतं! मुलं माझ्याकडे बघायला लागली, जसं मीच त्यांना फसवलं. मीना तर हमसून हमसून रडली. हलवा तसाच राहिला.

अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. मी तिथल्या तिथे कागद मागवला आणि मालिकेच्या निर्मात्याला पत्र लिहिलं, हिंदीत, चांगलं झणझणीत. 'महोदय, आपने मूल उपन्यास के साथ घोर अन्याय किया है. मूल उपन्यास में शिळोबा जीवित रहता है और अपनी माता के पास लौटता है. यह बात हमारी कॉलोनी का बच्चा-बच्चा जानता है.' खाली सगळ्यांनी सह्या केल्या. भाभींनी केली, त्यांच्या सासूबाईंनी अंगठा उठवला, माझ्या शाळेतल्या जुन्या मुली धावत येऊन करून गेल्या, दरवर्षी चौथीच्या वर्गाला मी हीच गोष्ट सांगते ना! यांनीसुद्धा केली, खाली हुद्दा लिहून. मागची बाजू पण भरली. सगळे एकमुखाने म्हणाले, मूळ पुस्तकात असं नाहीच. उद्या सकाळी रजिस्टर करून टाकते.

दादा, एवढ्या तेवढ्याला मी रडत नाही, तुला माहीत आहे. बाबा गेले तेव्हा सगळं मीच केलं, उभी राहून. पण आज संध्याकाळी कपडे काढायला गच्चीवर गेले आणि तिथे खूप रडले. मला वाटत होतं, एवढा तरी एक जण घरी पोचेल.

आता तरी दोन ओळी लिही. पत्र झणझणीत आहे की नाही तेवढं सांग.

मंदा


बरखेडा
१९ फेब्रुवारी १९९५

दादा,

तुझं कार्ड आलं. लग्नापासून मी ज्या कार्डाची वाट बघतेय ते आलं, मी पोस्टमनच्या हातातून ओढून घेतलं, आणि त्यात काय? 'मंदे, ते तक्रारपत्र पाठवू नकोस. दादा.' एवढंच! कसा आहेस नाही, कशी आहेस नाही!

पत्र तर गेलं होतं. पण 'पाठवू नकोस' का, हे माझ्या डोक्यातून जाईना. मी मंडळात गेले, पिपलानीला. नरहरकाका अजून लायब्ररी सांभाळतात. आता कानाने कमी ऐकू येतं, पण पुस्तक उशिरा परत केलं तर दंड सोडत नाहीत. त्यांनी आपलं खाकी 'वज्रकुहर' काढून दिलं. शेवटचं पान उघडलं, तर शिळोबाने दाराला पाठ लावली आहे आणि खाली पुठ्ठा. मला ते आठवत होतंच. तू तेव्हा म्हणाला होतास, शेवटची पानं गळाली आहेत, पण गळायच्या आधी मी वाचली होती, मी सांगतो. मी काकांना ओरडून विचारलं, "ही पानं गळाली कधी?" ते म्हणाले, "गळाली कुठली? नागपूरहून हे पुस्तक आलं तेच असं आलं. बांधणाऱ्याने शेवटच्या पानांचा फर्मा घातलाच नव्हता. मी परत पाठवणार होतो, पण तुम्हा पोरांना धीर कुठे होता?"

मी तिथल्या बाकावर बसले.

मग यांच्या मावसभावाला, श्यामला, इंदूरला कळवलं. त्याने तिथल्या कोणाकडून तरी धड प्रत मिळवली आणि काल येताना घेऊन आला. मी दार लावून शेवटची पानं वाचली. चुराच होतो शिळोबाचा. तडकतो, कोसळतो, वर फुलंसुद्धा पडतात. शंखही आहे. शेवटात मालिकावाल्यांनी एक मुकुट सोडला तर काही काही बदललेलं नाही. आणि माझं पत्र तिकडे, सगळ्या कॉलोनीच्या सह्यांनिशी, की मूळ पुस्तकात असं नाहीच! दादा, त्या सही करणाऱ्यांतल्या एकानेही पुस्तक वाचलेलं नाही. सगळ्यांनी ते माझ्याकडून ऐकलंय आणि मी तुझ्याकडून. मी आधी लाजेने लाल झाले आणि मग एकटीच इतकी हसले, की हे बाहेरून दार वाजवायला लागले.

पंधरा-सोळा वर्षांचा होतास तू. बहीण तापात पडलेली, पुढे काय झालं, पुढे काय झालं म्हणून जीव खाणारी, आणि पुस्तकात पानंच नाहीत. तू बसल्या जागी शिळोबाला घरी पोचवलंस.

निर्मलाभाभींना खरं काय ते सांगून टाकलं. म्हटलं सही परत घ्या हवी तर. त्या म्हणाल्या, "अरे तो क्या हुआ दीदी? हमारे लिए तो भैया वाला ही असली है. आपके भैया लिखते हैं क्या?" मी म्हटलं, लिहायचे.

आता मी तुला एक सांगते, रागावू नकोस. तू का येत नाहीस हे मला कळत नाही असं समजू नकोस. ॲप्रेंटिसशिप अर्धी टाकून नाटकासाठी पुण्याला निघालास तेव्हा बाबा काय बोलले, ते मी दाराआडून ऐकलं होतं. "या उंबऱ्यात पुन्हा पाऊल टाकलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील." बोलायला नको होतं त्यांनी. रागीट माणूस, बोलून गेले, आणि मग जन्मभर शब्द मागे घेता आला नाही त्यांना. पण तो उंबरा आता आपला नाहीच! बाबा रिटायर झाले, कारखान्याने क्वार्टर काढून घेतला, तिथे आता कोणी तिवारी राहतात. बाबांची शपथ कंपनीच्या उंबऱ्याला होती, दादा. माझ्या उंबऱ्याला कुणाची शपथ नाही.

आणि दुसरं कारण तू कार्डात कधी लिहीत नाहीस, तेही मला ठाऊक आहे. नाटक जमलं नाही. ज्या कारखान्यापासून पळालास तसल्याच एका कारखान्यात, पिंपरीला, स्टोअरमध्ये लागलास. आता कोणत्या तोंडाने जायचं, काय मिळवलं म्हणून सांगायचं, असंच ना? तर ऐक. इथे एक अख्खी कॉलोनी तुझा शेवट खरा मानून बसली आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या चौथीच्या किती मुली आता लग्न होऊन कुठे कुठे गेल्या, त्या आपल्या पोरांना तुझा शिळोबा सांगत असतील. पुस्तकातला शेवट मी दोनदा वाचला. वाईट नाही, चांगला आहे, लेखकाने मन लावून लिहिलाय. पण मला तो नको. मला माझा हवा आहे.

सांगणारा केव्हाच गेला, दादा. ऊठ आता.

पाडव्याला ये. आईला मी काही सांगितलेलं नाही, म्हणजे तिला ठाऊक असणारच.

मंदा


बरखेडा
९ एप्रिल १९९५, रामनवमी

ती. दादास,

पोचल्याचं कार्ड मिळालं. तुझा टॉवेल इथेच राहिला आहे. मुद्दाम विसरलास असं आई म्हणते आणि तिने तो धुऊन कपाटात ठेवलाय, पाठवू नकोस म्हणाली.

त्या दिवशी घराच्या आत काय झालं ते तू पाहिलं नाहीस, म्हणून लिहिते. 'पाडव्याच्या आदल्या दिवशी येतो' एवढंच कळवलं होतंस, गाडीचं नाव नाही. झेलमनेच येणार म्हणून हे स्टेशनवर जाऊन आले, गाडी वेळेवर येऊन गेली होती, तू दिसला नाहीस. दहा वाजले, अकरा वाजले. मी तोंडाने काही बोलत नव्हते, पण भाजीत मीठ दोनदा पडलं. मला वाटलं, आलाच नाही. बसला तिथेच.

बारा वाजून गेल्यावर मीना खिडकीतून ओरडली, "आई, कोणीतरी फाटकाशी उभं आहे!" मी बघितलं. बॅग खाली ठेवलेली, एक हात फाटकावर, आणि तू नुसता उभा. केस किती पांढरे झालेत रे! मीना धावणार होती, तिला मी धरून ठेवलं. म्हटलं, आता हा इथूनच परत फिरतो की काय!

आई गॅसपाशी होती, पोळ्या करत. तिची पाठ होती आमच्याकडे. तिला खिडकी दिसत नव्हती आणि आम्ही दोघी तर श्वाससुद्धा घेत नव्हतो. तव्यावरची पोळी उलटवत, मागे न बघता, रोज उठून सांगावं तशा आवाजात ती म्हणाली, "सुधा, हातपाय धू, पान वाढते."

दादा, तिने तुझी गोष्ट शेवटापर्यंत कधी ऐकलेली नाही. मी तिला खोदून खोदून विचारलं. तिला त्यातलं माठ खराब झाला एवढंच आठवतंय. मग माझ्या लक्षात आलं. ते वाक्य तू रचलेलंच नव्हतं. तू शाळेतून यायचास, दप्तर टाकायचास, आणि रोज तेच तर ऐकायचास.

बाहेर तुला ऐकू गेलं, ते मला दिसलं. तू हसलास आणि मग अंगणातल्या नळाखाली पाय धरून कितीतरी वेळ वाकून राहिलास. मीना बिचारी दारातून म्हणाली, "मामा, पाणी जाईल हां आता, साडेबाराला जातं." तेव्हा कुठे वर बघितलंस. तुला वाटलं असेल, तोंडावर नळाचंच पाणी आहे असं आम्ही समजलो. असू दे, तसंच समजलो.

आणि एक. तू उशीर का झाला ते सांगितलं नाहीस, म्हणालास भटसुअर मिळेना. मोठा आला टेम्पो न मिळणारा! मंगळवारी तिवारीभाभी मंडळाच्या हळदीकुंकवाला आल्या होत्या, त्यांनी सांगितलं. सकाळी एक सद्गृहस्थ आले, म्हणाले, मी या घरात लहानाचा मोठा झालो, एकदा आतून बघू का? त्यांनी पाणी दिलं, चहा दिला. तू उंबरा ओलांडताना वाकून हात लावलास म्हणे. मागच्या खोलीत, बाबांचा पलंग असायचा तिथे बराच वेळ बसलास. तिवारीभाभी म्हणाल्या, "हमने पूछा नहीं कुछ. ऐसे लोग टाउनशिप में आते रहते हैं." मी घरी येऊन आईला सांगितलं. तिने आधी हातातली भाजी निवडून संपवली. मग म्हणाली, "पाणी दिलं ना त्यांनी? बरं झालं."

मालिकावाल्यांचं उत्तर आलंय. छापील कार्ड, 'आपके बहुमूल्य सुझाव के लिए धन्यवाद.' ह्यांनी ते फ्रेम करायला घेतलंय. ते तुझ्यावर एकदम खूश आहेत, म्हणतात, "तुझ्या भावाला गंजाबद्दल बरंच कळतं." स्टोअरमध्ये राहिल्याचा एवढा तरी उपयोग झाला!

आता मुख्य काम. या पत्राबरोबर पार्सल आहे, ते जपून उघड. आपलं खाकी 'वज्रकुहर' आहे. तू गेल्यावर नरहरकाकांना मी सगळी हकीकत ओरडून सांगितली. ते पुस्तक घेऊन बाइंडरकडे गेले आणि शेवटी एक कोरा फर्मा घालून नवीन पुठ्ठ्यात बांधून आणलं. म्हणाले, "सुधाकरला म्हणावं, पानं भरून परत पाठव. उशीर झाला तर दंड पडेल." गणपतीत मंडळात मुलांसमोर ते वाचायचं ठरलंय, आणि वाचायला तुलाच यायचं आहे. माठ मी नवीन घेऊन ठेवते.

सावकाश लिही, चांगल्या अक्षरात. केतुमान शिळोबाच्या कानात काय म्हणतो ते तुला हवं तसं बदल. चिमणी ठेव, मीनाने निरोप दिलाय. मुकुट घातलास तर बघ. आणि 'मग शिळोबा पोटभर जेवला' या शेवटच्या वाक्यातला एक शब्द जरी हलवलास तरी मी तक्रार करीन, यावेळी सह्या दुप्पट असतील.

कार्डांवरचे तुझे साठलेले आशीर्वाद काल बसून सगळे घेतले.

साष्टांग नमस्कार.

तुझी मंदा